निर्णय कोण घेणार, ते आधी ठरव

प्रिय मैत्रिणी,

तुझ्या युवा संस्थेच्या मुलांसाठीच्या शिबिराचा आराखडा वाचला. मोबाइल पत्रकारितेचे 3 दिवस, नेतृत्व शिबिराचे 2 दिवस, समारोपाला प्रमाणपत्रं. पाहुण्यांची यादीही भारदस्त आहे. पण शिबिर संपल्यावर ही मुलं नेमकं काय ठरवणार, ते कुठेच दिसलं नाही. कोणती बातमी करायची, कोणती अडवायची, चूक झाली तर खुलासा कोण लिहिणार?

मला विचारशील तर हे दोन वर्ग वेगळे भरवूच नकोस. नेतृत्वावरच्या व्याख्यानांतून नेते तयार झालेले मी फारसे पाहिले नाहीत. (व्याख्याते मात्र बरेच.) दर आठवड्याची संपादकीय बैठक हाच नेतृत्वाचा वर्ग, आणि ती मुलांनीच चालवायची.

अशा एका बैठकीत मी कोपऱ्यात बसून होतो. एका मुलीने बंद पडलेल्या वाचनालयावर दोन मिनिटांचा व्हिडिओ केला होता. त्यात अधिकारी म्हणतो, “काम सध्या बंद आहे,” आणि तिथेच कट. संपादक होता 17 वर्षांचा. त्याने मूळ रेकॉर्डिंग लावायला सांगितलं. पुढचं वाक्य निघालं, “पुढच्या महिन्यात निविदा काढतोय.” मुलगी चिडली. म्हणाली, हे तर आश्वासन आहे, बातमी नाही. तो म्हणाला, वाक्य तू कापलंस हे त्या माणसाला कळणारच. त्यापेक्षा ते ठेव आणि आधीही असंच आश्वासन दिलं होतं का ते शोध. बराच वेळ वाजलं दोघांचं. शेवटी ती उठली आणि जुनी पत्रं धुंडाळायला गेली. त्यात तेच आश्वासन आधीच्या वर्षाच्या तारखेसह सापडलं. व्हिडिओ एका वाक्याने लांबला, पण त्याला धार आली. त्यांचे प्रशिक्षक हे सगळं होईपर्यंत शेजारी गप्प बसून होते. ते गप्प बसणं अवघड असतं. तुलाही जड जाईल, कारण तुला उत्तर आधीच माहीत असेल.

ही काही नवी कल्पना नाही. अमेरिकेत 1975 मध्ये सुरू झालेल्या ‘चिल्ड्रन्स एक्स्प्रेस’ या मुलांच्या बातम्यांच्या उपक्रमात लहान मुलं बातमीदार असत आणि त्यांच्यावर किशोरवयीन संपादक. पुढच्याच वर्षी डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात उपाध्यक्षपदासाठी वॉल्टर माँडेल यांचं नाव त्यांनी मोठ्या वृत्तपत्रांच्या आधी फोडलं. मुलांना सगळे कौतुकाने बघत होते, म्हणून त्यांच्यासमोर सावध कोणी राहिलं नसावं, असा माझा अंदाज. ते काहीही असो, बातमी आणली मुलांनीच.

आता एक धोका. जो चुरूचुरू बोलतो, तोच दोन महिन्यांत म्होरक्या होतो आणि बाकीचे खुर्च्या लावत राहतात. दिल्लीतल्या रस्त्यावर राहणाऱ्या, काम करणाऱ्या मुलांचं ‘बालकनामा’ हे वृत्तपत्र आहे, 2003 पासूनचं. तिथे ज्यांना लिहिता येत नाही तेही बातमीदार असतात. त्यांना ‘बातूनी रिपोर्टर’ म्हणतात. ते बातमी तोंडी सांगतात आणि लिहिता येणारे ती उतरवून घेतात. तुझ्या प्रवेश अर्जात ‘उत्तम संवादकौशल्य आवश्यक’ असं छापलं आहेस. ते काढून टाक. जे शिकवायला बसलो, ते आधीच येणाऱ्यालाच घ्यायचं तर शिबिर कशाला?

मोठ्यांना अजिबात शिरकाव नको, असंही लिहिलं आहेस. तो आवेश मला समजतो, पण पटत नाही. मुलांच्या सहभागाचे अभ्यासक रॉजर हार्ट यांनी 1992 मध्ये युनिसेफसाठी त्याची 8 पायऱ्यांची शिडी मांडली. खालच्या तीन पायऱ्यांवर मुलं नुसती वापरली जातात, सजावटीला उभी केली जातात किंवा नावापुरती असतात. त्याला हार्ट सहभाग मानतच नाहीत. पण सगळ्यात वरच्या पायरीवर एकटी मुलं नाहीत. सुरुवात मुलांची आणि निर्णय मोठ्यांसोबत मिळून, ही आठवी पायरी. मुलांनीच सुरू करून मुलांनीच चालवणं सातवी. बदनामीची नोटीस आली किंवा एखाद्या अल्पवयीन मुलीचा चेहरा पालकांना न विचारता दाखवला गेला, तर पोरांना एकटं सोडून चालणार नाही. मोठी माणसं हवीत, पण विचारल्यावर बोलणारी.

पैशांबद्दल थोडक्यात. देणगीदाराला व्यासपीठावरचे फोटो हवे असतात, ते दे. मजकुरात बोट घालायला लागला तर नाही म्हण, आणि हे करारात आधीच लिहून घे.

संपादकपदाला मुदत ठेव, आणि तीच तुझ्या अध्यक्षपदालाही. पुढच्या संपादकाने आधीच्याच्या शेजारी काही अंक तरी बसलंच पाहिजे, म्हणजे खांदेपालट झाल्यावर सगळं पहिल्यापासून सुरू होत नाही. तरुणांच्या बहुतेक संस्था इथेच मोडतात: सुरू करणारे चाळिशीला टेकतात, तरी युवा अध्यक्ष तेच.

तुझा,
दादा

ता. क. महागड्या कॅमेऱ्याचं विचारलं होतंस. सध्या नको. मोबाइल पुरतो. त्या पैशांत दोन बरे कॉलर माइक घे. हललेलं चित्र लोक चालवून घेतात, आवाज कळला नाही तर पुढे जातात.