पोरगी बोट्सवानाला निघालीय, पाठवू का?

ताई, तुमचं पत्र मिळालं. मुलीला एमएस्सीनंतर पाणथळ जागांवर रिसर्च करायला बोट्सवाना विद्यापीठाची ऑफर आलीय आणि सोलापुरातले सगळे नातेवाईक "पोरीला आफ्रिकेत कुठं धाडताय" म्हणून मागं लागलेत, बरोबर ना? आधी एक करा, "आफ्रिका" हा शब्द बाजूला ठेवा, कारण तिकडच्या एका देशात दंगल झाली म्हणजे दुसऱ्यात झाली असं नसतं.

बोट्सवाना महाराष्ट्राच्या जवळपास दुप्पट आहे, पण माणसं पुणे शहरापेक्षाही कमी, बराचसा भाग कलहारीचं वाळवंट. 1966 ला स्वतंत्र झाला तेव्हा अगदी गरीब होता, मग पुढच्याच वर्षी ओरापाला हिरे सापडले. आणि बघा, स्वातंत्र्यापासून एकच पक्ष सत्तेत होता, तो 2024 ला हरला आणि गुपचूप खुर्ची सोडून गेला.

चलनाचं नाव पुला, म्हणजे पाऊस! आपल्या दुष्काळी भागातल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. मुलीच्या विषयाचं तर तिथं घरच आहे, कारण ओकावांगो नदी समुद्राला मिळतच नाही, वाळवंटात पसरून जिरते, आणि पाऊस पडतो वर अंगोलाच्या डोंगरात, ते पाणी हळूहळू माउन गावाजवळ येईतो जून-जुलै उजाडतो, म्हणजे तिकडच्या ऐन कोरड्या हिवाळ्यात पूर. विद्यापीठाची ओकावांगो संशोधन संस्था माउनलाच आहे.

म्हणून आधी विचारा, राहायचं माउनला की राजधानी गॅबरोनीत (तिथले लोक खाबोरोने म्हणतात). गॅबरोनीत भारतीय दुकानं, मंदिर सगळं आहे, माउन लहान गाव, वर मलेरियाचा पट्टा, त्यामुळे जायच्या आधी डॉक्टरांना भेटाच. दोन्हीकडे रात्री एकटीनं पायी फिरायचं नाही, एवढं तिला बजावून ठेवा. जेवणाची काळजी लिहिलीत, पण तिथलं रोजचं खाणं ज्वारीच्या पिठाचं, बोगोबे म्हणतात, त्याचा आंबवलेला प्रकार म्हणजे जवळपास आपली आंबीलच. पीठ मिळेल, भाकरी थापायला शिकवून पाठवा. जून-जुलैला रात्री चांगलीच थंडी पडते, स्वेटर पण द्या.

आता पैशाचं, इथं मात्र मी कडक बोलणार. हिऱ्यांचा बाजार सध्या पडलाय (लॅबमधल्या हिऱ्यांनी, आणि त्यातले बरेच आपल्या सुरतेतून जातात), सरकारचा हात आखडलाय, त्यामुळे "स्कॉलरशिप मिळेल" असं कुणी नुसतं फोनवर म्हटलं तर धरू नका, किती महिने, किती पुला, फी त्यात धरलीय का, सगळं विद्यापीठाच्या पत्रावर हवं. तिथंच नोकरी लागेल या भरवशावर कर्ज काढू नका. आणि परत येऊन इथं प्राध्यापक व्हायचं असेल तर डिग्रीला यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) समकक्षता, म्हणजे ती इथल्या डिग्रीच्या तोडीची असल्याचा दाखला लागतो (2025 च्या नियमांआधी हे काम एआययूकडे होतं), ते आत्ताच तपासा.

गाईडला आज मेल करायला सांगा, उत्तर आलं की मला फॉरवर्ड करा, मग व्हिसाचं बघू.