आधी पत्ता, मग मजकूर

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद. ट्रंकेत सापडलेल्या कार्डाचा फोटो मिळाला. तू म्हणतेस, यात इतिहासाचं काहीच नाही. कपाशीचा भाव, गोऱ्ह्याची खरेदी आणि कुणाचं तरी आजारपण. आणि दोनच ओळींनी विचारतेस की साल १९३६ असेल, तर फैजपूरच्या काँग्रेस अधिवेशनाशी धागा जुळवता येईल का. आधी काहीच नाही, आणि लगेच थेट अधिवेशन! तुझा गोंधळ समजतो, पण त्याचं कारण समोर आहे: तू फक्त मजकुराची बाजू पाठवलीस.

पत्त्याची बाजू आधी वाचायची. मजकूर माणूस आपल्या मनाने लिहितो. पत्ता मात्र टपालाला समजेल असाच लिहावा लागतो. म्हणून गावाचा इतिहास त्या चार ओळींत जास्त खात्रीने सापडतो.

'मु.' आणि 'पो.' पुढची गावं वेगळी आहेत का बघ. वेगळी असतील तर त्या वेळी पहिल्या गावात टपाल कचेरी नव्हती, कार्ड दुसऱ्या गावाहून यायचं. मग 'जि.' बघ. १९०६ साली खानदेशाचे दोन जिल्हे झाले, पूर्वेचं ठाणं जळगाव, पश्चिमेचं धुळे. 'जि. पू. खा.' किंवा 'प. खा.' असेल तर कार्ड त्यानंतरचं. महाराष्ट्र झाल्यावर ही नावं गेली, पण लोकांच्या हातची सवय लगेच जात नाही, म्हणून वरची हद्द ताणून धर. जिल्हा म्हणून 'नंदुरबार' लिहिलं असेल तर कार्ड १ जुलै १९९८ नंतरचं. पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं. 'एदलाबाद' दिसलं तर ते आजचं मुक्ताईनगर. नकाशात गाव सापडत नाही म्हणून नाव चुकीचं ठरवू नकोस. हतनूर, उकाई आणि सरदार सरोवर या धरणांच्या पाण्याखाली आपल्याकडची गावं गेली आहेत.

छापील तिकिटाने मात्र फसशील. १८७९ साली पोस्टकार्ड निघालं तेव्हा किंमत पाव आणा होती. पुढे दर चढत गेले. आणे किंवा पै छापलेलं कार्ड १ एप्रिल १९५७ च्या आधी छापलेलं, 'नये पैसे' असलेलं त्यानंतरचं. पण छापील किंमत कार्ड कधी छापलं ते सांगते, कधी लिहिलं ते नाही. घरात जुनी कार्डं पडून असायची, दर वाढला की वर जादा तिकीट चिकटवायचे. राजाच्या चित्राचंही तसंच. तारीख धरायची ती शिक्क्याची.

शिक्के बहुतेक दोन असतात, टाकल्याचा आणि पोचल्याचा. खोलीत अंधार कर, टॉर्च कार्डाला जवळजवळ आडवा धर, चार बाजूंनी चार फोटो घे; शाई उडाली असली तरी ठशाचा दाब दिसतो. 'आर. एम. एस.' (रेल्वे मेल सर्व्हिस) अक्षरं दिसली तर कार्ड रेल्वेच्या टपालात हाताळलं गेलंय. मग ते भुसावळकडून आलं, सुरतेच्या ताप्ती व्हॅली लाइनीने आलं की चाळीसगाव-धुळे फाट्यावरून, हा शोध घेण्यासारखा आहे. दोन्ही बाजू ६०० डीपीआयला स्कॅन कर. लॅमिनेशन नको, सेलोटेप नको, ओला बोळा तर मुळीच नको. जांभळी कॉपिंग पेन्सिल पाण्याने क्षणात पसरते.

आता मजकुराकडे वळ. जसा आहे तसा उतरव, 'नाहीं', 'कांहीं' वरचे अनुस्वार ठेवूनच. ते १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी गेले, आणि वयस्क हातांनी त्यानंतरही दिले. 'ती. स्व.', 'चि.', 'सौ.', 'गं. भा.' यांतून नातं, वय, कोण हयात आहे ते कळतं. मजकूर प्रमाण मराठीत आणि मध्येच 'शे' (आहे) किंवा 'बठ्ठं' (सगळं) आलं तर ते दुरुस्त करू नकोस. घरात अहिराणी, आपली खानदेशी बोली, होती याचा तो पुरावा आहे. कोपऱ्यावर हळदकुंकवाचे डाग असतील तर शुभकार्य. कोपरा फाडलेला असेल तर मृत्यूची बातमी. अशी कार्डं वाचून घराबाहेर टाकायचे, म्हणून ती फार थोडी उरली आणि म्हणून ती जास्त जपायची.

मितीत, म्हणजे पंचांगाच्या तारखेत, सगळे अडकतात. शके असेल तर ७८ मिळव, वर्षाच्या अखेरच्या इंग्रजी महिन्यांना, म्हणजे जानेवारीपासून फाल्गुनाअखेर, ७९. पेढीच्या कार्डावर विक्रम संवत असेल तर आधी पेढी कुणाची ते बघ. गुजराती संवत कार्तिकात बदलतो, मारवाडी चैत्रात. शिवाय मारवाडी महिना पौर्णिमेला संपतो, म्हणून आपलं आश्विन वद्य ते त्यांची कार्तिक वदी. वार दिला असेल तर जुन्या पंचांगाशी ताडून बघ. वार जुळला नाही तर तुझा हिशोब चुकलाय, कार्ड नाही.

फैजपूरचं अधिवेशन डिसेंबर १९३६ मध्ये भरलं, खेड्यात भरलेलं ते पहिलं. मोठी गोष्ट आहे, मला तिचा अभिमान आहे. पण तुझ्या कार्डात तिचं नाव नाही, आणि नाही तर नाही. आपल्या गावांचा खरा इतिहास असल्या ओढाताणीत हरवतो याचं मला फार वाईट वाटतं. मला हेकट म्हणतात. म्हणोत. पत्ता न वाचता लिहिलेल्या दहा पानांपेक्षा बरोबर वाचलेला एक 'पो.' मला जास्त मोलाचा वाटतो.

तुझ्या कार्डातला कपाशीचा भाव आणि गोऱ्ह्याची किंमत एकत्र आली आहे, ही दुर्मीळ गोष्ट. कोणत्या मापाला भाव दिलाय, मण की खंडी, ते अक्षर पुन्हा बघ. वजन कळल्याशिवाय आकडा निरुपयोगी.

मग तहसिलीच्या अभिलेख कक्षात अर्ज कर: गाव नमुना ६ चे फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कबदलाच्या नोंदी, आणि १४ म्हणजे कोतवाल बुक, जन्म-मृत्यूची नोंदवही. अर्जात गावाचं जुनं आणि आजचं नाव, तेव्हाचा तालुका, आणि शिक्क्यावरून ठरलेल्या सालाच्या मागची-पुढची दोन वर्षं लिही. नुसतं माणसाचं नाव देऊन गेलीस तर हात हलवत परत येशील, नोंदी गाव आणि साल यांवर लावलेल्या असतात. शाळेचं जनरल रजिस्टर मुख्याध्यापकांकडे माग. जन्मतारखेशेजारी राहण्याचं ठिकाण असेल तर तेही उतरवून घे. मजकुरात जुन्या मोडी लिपीच्या ओळी असतील तर धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात विचार. नुसत्या अंदाजाने मोडी लावू नकोस. ऱ्हस्व-दीर्घ त्यात कळत नाही, शब्द एकमेकांना चिकटून येतात, आणि आडनावाचं काहीच्या बाही होऊन बसतं.

पत्त्याच्या बाजूचा स्कॅन पाठव. शिक्क्यातलं एकही अक्षर स्वतःहून भरू नकोस. लागलं नाही तिथे टिंब दे.