जायफळाचा तो वेढा

प्रश्न : ताई, माझा मुलगा 11 महिन्यांचा आहे. बाळंतपणाची रजा संपली तेव्हापासून आमच्याच सोसायटीतल्या काकूंच्या पाळणाघरात जातो. मी डोंबिवलीहून सव्वाआठची लोकल पकडून ठाण्याला ऑफिसला जाते, पावणेसातला त्याला घरी आणते. रात्री आठला तो झोपतो आणि पहाटे सव्वाचारला टक्क जागा! पुन्हा काही केल्या झोपत नाही. जाड पडदे लावले, मोबाइलवर पावसाचा आवाज लावला, रात्री नाचणीची पेज दिली, उशिरा झोपवून पाहिलं. काही फरक नाही. ऑफिसात माझे डोळे मिटतात. गंमत म्हणजे रविवारी घरी दुपारी जेमतेम दीड तास झोपतो आणि सोमवारी पावणेसहापर्यंत उठत नाही. काकूंकडे मात्र काहीच त्रास नाही. सकाळी दहाला तासभर, मग दुपारी एक ते साडेचार छान झोपतो. त्या दुधातून जायफळाचा एखादा वेढा देतात. फार मायाळू आहेत. त्याची पहाटेची झोप कशी वाढवू?

उत्तर : अगं, पडदे आणि पेज राहू दे बाजूला. ते जायफळाचं काय?

तुझ्या मुलाला रोज दुपारी, तू तिथे नसताना, झोप यावी म्हणून काहीतरी पाजलं जातं. ते तुला माहीत आहे, आणि पत्रात त्याला तू एक ओळ दिलीस. लगेच पुढे काकूंची माया. मला राग आला आहे आणि तो मी गिळणार नाही.

वेढा म्हणजे काय ते तू पाहिलं असशीलच. सहाणेवर थेंबभर दूध टाकायचं आणि त्यावर जायफळ गोल फिरवायचं. हात जड पडला की जास्त उतरतं. पोर किरकिर करतंय, बाकीची उठतील अशी भीती वाटली की आणखी एकदा फिरवलं जातं. पिवळट चाटण बोटाने दुधात कालवलं की संपलं. किती गेलं हे पाजणाऱ्यालाही सांगता येत नाही. जायफळात मिरिस्टिसिन नावाचं द्रव्य असतं. मोठ्या माणसाने चमचा-दोन चमचे पूड खाल्ली तर उलट्या, छातीत धडधड, भ्रम, असं सगळं होतं. वेढ्यात तेवढं उतरत नाही, मान्य. पण पिणारं बाळ वर्षाचंही नाही आणि हे रोज चाललंय. त्यातून, गुंगीत झोपलेल्या बाळाच्या नाकातोंडावर दुपटं आलं तर ते जाग्या बाळासारखं मान वळवून धडपडत नाही. खरी भीती मला याची वाटते.

आता पहाटेचं. 4 ते 12 महिन्यांच्या बाळाला दिवसरात्र मिळून 12 ते 16 तास झोप लागते. तुझ्या लेकाची बेरीज करू. रात्री आठ ते सव्वाचार म्हणजे सव्वाआठ तास, सकाळचा एक, दुपारचे साडेतीन. झाले पावणेतेरा. पोर झोपेला मुकलेलं नाही गं, त्याची रात्रीची झोप काकूंच्या घरी दुपारीच उरकते. पहाटे चारच्या सुमाराला झोप तशीही पातळ झालेली असते. रात्रभरात थकवा उतरलेला, शरीर उठायच्या तयारीला लागलेलं. अशा वेळी शिल्लक झोपच नसेल तर कितीही जाड पडदा लाव, ते मूल उठणारच. सोमवारचं कोडं तू स्वतःच सोडवून लिहिलं आहेस. रविवारी ना जायफळ, ना साडेतीन तास.

काकू मायाळू आहेत असं तू म्हणतेस. असतीलही. पण लहान मुलं सांभाळायचे पैसे घेणाऱ्या बाईने आईवडिलांना स्पष्ट विचारल्याशिवाय बाळाच्या पोटात झोपेचं काही घालायचं नाही. दुपारी घर शांत हवं, हातातली कामं उरकायची असतात, हे मला कळतं. पण तेवढ्यासाठी सूट देणार नाही. ‘आमची मुलं यावरच वाढली’ असं त्या म्हणतील. आजी गुटी द्यायची तेव्हा एका नातवाला मांडीवर घेऊन बसायची, त्याच्याकडे डोळे लावून. तीसुद्धा देऊ नये असंच आज बालरोगतज्ज्ञ सांगतात.

तू विचारायला कचरतेस, कारण काकूंना वाईट वाटेल, त्यांनी नाही म्हटलं तर दुसरं पाळणाघर कुठून आणायचं, आणि लोकल तर कोणासाठी थांबत नाही. ही धास्ती खोटी नाही. 26 आठवड्यांची रजा संपली की मूल कुणाच्या तरी हातात द्यावंच लागतं, आणि ज्याच्या हातात दिलं त्याला दुखवायला जीभ रेटत नाही. तरीही बोलायचं आहेस. डॉक्टरांचं नाव पुढे करू नकोस, नवऱ्याला पाठवू नकोस. ‘काकू, उद्यापासून त्याला जायफळ द्यायचं नाही, गुटीतलं दुसरंही काही नाही. दुपारी झोपला की सव्वातीनला उठवायचं. आणि आतापर्यंत काय काय, कधीपासून दिलं ते मला सांगा.’ एवढंच. सॉरी म्हणायचं नाही. त्यांनी काचकूच केली, ‘बघू’ म्हणाल्या, तर दुसऱ्या दिवशी मूल तिथे जाणार नाही. चार दिवस रजा टाक, आईला नाहीतर सासूबाईंना बोलावून घे. नोकरीत एवढं निभतं.

त्या जे सांगतील ते याच आठवड्यात बाळाच्या डॉक्टरांच्या कानावर घाल. मधल्या काळात कधी तो उठवूनही उठेना, लुळा पडला किंवा श्वास नेहमीसारखा वाटला नाही, तर फोनाफोनी करत बसू नकोस, थेट हॉस्पिटल गाठ.

पहिले काही दिवस दुपारी तो कमी झोपेल आणि संध्याकाळी किरकिरेल. तेव्हा आठची वाट न पाहता साडेसातला झोपव. सव्वाचारला उठलाच तर ट्यूब लावू नकोस, उचलून हॉलमध्ये आणू नकोस. अंधारातच शेजारी पडून राहा. आठवडा-दोन आठवड्यांत घडी बसायला लागेल. पावणेसहा-सहाला मात्र तो उठेल. या वयात ती त्याची सकाळच आहे.

फोन आज रात्रीच कर, तो झोपल्यावर. मेसेज नको, बोल.