मी कॉम्प्युटर सायन्समधून एम्बेडेडमध्ये आलो. हार्डवेअर इंजिनिअर प्रत्येक बग फर्मवेअरवर ढकलतात. त्यांच्याशी बोलायचं कसं आणि इलेक्ट्रॉनिक्स किती शिकायचं?

वेव्हफॉर्म, म्हणजे सिग्नलचा मोजलेला आलेख, पुढे ठेवून बोलायचं. दुसऱ्या कशानेही ते ऐकत नाहीत.

आमच्या एका बोर्डवर आयटूसी सेन्सर होता; आयटूसी म्हणजे एसडीए (डेटा) आणि एससीएल (क्लॉक) अशा दोन तारांची बस. टेबलावर सुरळीत चालायचा; बोर्ड डब्यात बसवून लांब केबल लावली की मधूनच एसडीए लो वर अडकायची आणि सगळं ठप्प. आमच्या हार्डवेअरवाल्या साहेबांचं उत्तर तयार होतं : "सर्किट मागच्या प्रॉडक्टमधलंच आहे, तिथे चालतंय. तुझा ड्रायव्हर बघ. तोवर रिट्राय (फसलं की पुन्हा प्रयत्न करणारा कोड) टाक."

टाकला रिट्राय. अडकलेली बस सोडवायला एससीएलवर नऊ पल्स देणारा कोडही टाकला. लक्षण दबलं, आणि मीटिंगच्या नोंदीत आलं, 'फर्मवेअर इश्यू, फिक्स्ड'. ती ओळ मला अजून सलते.

मग मीच स्कोप (सिग्नल पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप) लावला. या लाइन ओपन ड्रेन असतात; चिप फक्त खाली ओढते, वर न्यायचं काम पुलअपचं, म्हणजे लाइन सप्लायला जोडणाऱ्या रेझिस्टरचं. आमचे पुलअप १० किलोओहमचे आणि केबलसकट बसची कपॅसिटन्स १५० पिकोफॅरडच्या आसपास. राइज टाइम (लाइन लो वरून हाय व्हायला लागणारा वेळ) ०.८४७ गुणिले आर (पुलअप) गुणिले सी (कपॅसिटन्स), म्हणजे जवळजवळ १२७० नॅनोसेकंद. ४०० किलोहर्ट्झला परवानगी ३०० ची! स्क्रीनवर चौकोनी पल्स नव्हतेच, नुसते करवतीचे दाते.

साहेब म्हणाले, "मग १०० किलोहर्ट्झवर चालव." म्हणजे पुन्हा माझ्याच गळ्यात. आणि तिथली मर्यादा १००० नॅनोसेकंद, तिथेही आम्ही बाहेरच. शेवटी २.२ किलोओहम लावले, राइज टाइम २८० वर आला. माझा रिट्राय काढून टाकून रात्रभर चालवलं, बस अडकली नाही. नोंदीतली ती ओळ मात्र कुणी दुरुस्त केली नाही.

तेव्हा 'मला वाटतं हार्डवेअरमध्ये गडबड आहे' असं कधी म्हणू नका, लगेच माणसांचं भांडण होतं. मोजमाप मागा. या पिनवर राइज टाइम किती मोजलात? रेडिओ ट्रान्समिट करताना ३.३ व्होल्टची रेल (सप्लाय लाइन) किती खाली जाते? ब्राउनआउट (व्होल्टेज ज्याखाली गेलं की चिप रीसेट होते ती मर्यादा) कितीवर लावलाय? रीसेटचं कारण सांगणारं रजिस्टर बूट होतानाच लॉग करा, निम्मे वाद तिथेच संपतात. 'मागच्या प्रॉडक्टमध्ये चालतंय' हे मोजमाप नव्हे. तिथली केबल वेगळी होती.

शिकायचं म्हणाल तर पुलअप, आरसी, डीकपलिंग (चिपजवळ कपॅसिटर लावून सप्लाय स्थिर ठेवणं) आणि स्कोप नीट वापरणं. सुरुवातीला एवढं पुरे.

हो, एक राहिलं. स्कोपचा पॅसिव्ह प्रोब १एक्सवर (सिग्नल कमी न करता) ठेवून मोजलंत तर तो स्वतःच १०० पिकोफॅरडच्या घरात लोड टाकतो. साहेब लोक ते लगेच पकडतात आणि तेव्हा त्यांचं बरोबर असतं. १०एक्सवर (सिग्नल दहापट कमी करून) ठेवा. शिवाय व्होलाटाइल (व्हेरिएबल दर वेळी मेमरीतून वाचायला लावणारा सी भाषेतला शब्द) विसरलेलं असणं, इंटरप्ट आणि मेन लूप एकाच बफरवर लिहीत असणं, ही पापं आपल्याच बाजूची. जायच्या आधी तेवढं तपासून जा.

आणि रिट्राय टाकायला सांगितलाच तर टाका, पण सोबत काउंटर ठेवा आणि तो आकडा प्रत्येक टेस्ट रिपोर्टमध्ये छापा. नोंदीत 'फिक्स्ड' लिहू देऊ नका, 'कारण सापडलेलं नाही' असंच लिहायला लावा.