श्रीमंतांनी नोकरदारांपेक्षा जास्त दराने कर भरावा का?

भरावा, पण नुसता प्राप्तिकराचा दर वाढवून भागणार नाही. पगारदाराचा कर पैसे हातात पडण्याआधीच कापला जातो. गडगंज माणसाची संपत्ती वाढते ती शेअर्समध्ये. ते विकल्याशिवाय बहुतेक देशांत कर लागत नाही, आणि खर्चाला पैसे हवेच असतील तर तेच शेअर्स तारण ठेवून कर्ज काढता येतं. कर्ज म्हणजे उत्पन्न नव्हे, मग कर कसला!

अमेरिकेतले अब्जाधीश वॉरन बफे यांनी २०११ मध्ये स्वतःच सांगितलं होतं: त्यांच्या करपात्र उत्पन्नावर १७.४ टक्के कर पडला, ऑफिसातल्या बाकीच्यांना सरासरी ३६ टक्के. म्हणून आधी भांडवली नफ्यावरची, म्हणजे शेअर्ससारखी मालमत्ता विकून होणाऱ्या नफ्यावरची, करसवलत काढा, दराचं नंतर बघू. श्रीमंत देश सोडून पळतील म्हणता? काही जातीलही. जमिनी आणि कारखाने थोडेच उचलून नेणार आहेत!