पावसाळ्यानंतर जेट स्कीचा इलेक्ट्रिक ट्रिम हलत नाही, काय तपासू?

कळंगुटला पावसाळाभर झाकून ठेवलेल्या जेट स्कीचं नोझल (मागून पाण्याचा झोत सोडणारं तोंड) ट्रिमचं, म्हणजे त्याचा कोन बदलणाऱ्या यंत्रणेचं, बटण दाबूनही वर-खाली होत नाही, असं तुम्ही विचारलंय. लगेच मोटर बदलू नका. बटण दाबा आणि कान देऊन ऐका.

मोटरचा आवाज येतो पण नोझल हलत नाही, तर बिघाड बहुधा यांत्रिक आहे. बॅटरीची वायर काढा, ट्रिमचा रॉड किंवा केबल नोझलपासून सोडवा आणि नोझल हाताने फिरवून पाहा. घट्ट असेल तर बुशिंगमध्ये (नोझल ज्यावर फिरतं त्या कड्यांमध्ये) बहुधा मीठ साचलंय. ते साफ करून मरीन ग्रीस भरा. नोझल अडकलेलं असतानाच बटण दाबत राहिलात तर चांगली मोटरही जळेल!

आवाजच नसेल तर आधी फ्यूज, मग बॅटरी (इंजिन बंद असताना 12.5 व्होल्टच्या आसपास हवी), मग कनेक्टर. पिनांवर हिरवट थर म्हणजे गंज. नवा फ्यूजही उडाला तर जास्त अँपिअरचा कधीच घालू नका. अशा वेळी बहुधा मोटर अडकलेली असते, तिच्यात पाणी शिरलेलं असतं किंवा वायर शॉर्ट असते.

एरवी समुद्रातून आल्यावर नोझल गोड्या पाण्याने धुवा आणि ट्रिम पूर्ण वर-खाली करा. जून ते सप्टेंबर बंद हंगामातही अधूनमधून तो चालवत राहा.