मधुमेह आणि डोळ्याचा पडदा : तुमचे प्रश्न

मधुमेह जुना आहे, पण नजर ६/६. तरी दरवर्षी पडद्याचा फोटो काढायलाच हवा का?

हवाच. तक्त्यावरची शेवटची ओळ वाचता आली म्हणजे पडद्याचा मधला भाग, मॅक्युला, अजून बऱ्यापैकी शाबूत आहे, एवढंच कळतं. बाजूला रक्तवाहिन्यांवर बारीक फुगे आलेले असतात, रक्ताचे ठिपके पडलेले असतात, कधी नाजूक नव्या वाहिन्याही उगवलेल्या असतात आणि पेशंटला पत्ताच नसतो. अशी वाहिनी फुटली की डोळ्यासमोर अचानक काळी जाळी येते. लेझर किंवा इंजेक्शन द्यायचं ते त्याआधी. म्हणून टाइप २ मध्ये निदान झाल्या झाल्याच पहिली तपासणी करतात. आणि एक : नुसता रिपोर्टचा कागद नको, मूळ फोटो मागून घ्या. गेल्या वर्षीचा शेजारी ठेवला तरच काय वाढलंय ते कळतं.

फोटो झाला, आता ओसीटी सांगितली. पुन्हा तेच ना?

नाही. फोटोत पडदा समोरून दिसतो, ओसीटीत त्याचा उभा छेद. मॅक्युलाची सूज फोटोत निसटू शकते. छेदात पाणी साचलेल्या काळ्या पोकळ्या स्पष्ट दिसतात आणि जाडी मायक्रॉनमध्ये मोजता येते. सुई नाही, एक्स-रे नाही, हनुवटी टेकवून काही मिनिटं बसायचं. सुजेसाठी डोळ्यात इंजेक्शनं चालू असतील तर पुढचं कधी द्यायचं हे बरंचसं याच आकड्यावर ठरतं. शक्यतो दर वेळी एकाच मशीनवर करा, कारण वेगवेगळ्या कंपन्यांच्या मशीनवर जाडीचे आकडे वेगवेगळे येतात. ‘जाडी वाढली’ म्हणून घाबरून आलेल्या कितीतरी जणांचं फक्त मशीन बदललेलं असतं!

हातातून डाय देऊन अँजिओग्राफीची भीती वाटते.

हा डाय म्हणजे फ्लुओरेसीन, एक पिवळा रंग. तो शिरेतून देऊन पडद्याच्या रक्तवाहिन्यांचे फोटो काढतात. काहींना क्षणभर मळमळतं, त्वचा पिवळसर दिसते, दिवसभर लघवी गडद पिवळी होते. गंभीर अ‍ॅलर्जी क्वचित. आधी कशाची रिअ‍ॅक्शन आली असेल तर सांगाच. डायशिवाय ओसीटी अँजिओग्राफीही होते. तिच्यात बंद पडलेल्या केशवाहिन्या छान दिसतात, पण वाहिन्यांमधून होणारी गळती दिसत नाही.

तीन महिन्यांत साखर झपाट्याने उतरवली, तरी नवा फोटो आधीपेक्षा वाईट! औषधं थांबवू?

अजिबात नाही. साखर वेगाने खाली आली की सुरुवातीला पडदा थोडा बिघडू शकतो. टाइप १ च्या पेशंटवर झालेल्या, १९९३ मध्ये निष्कर्ष आलेल्या डीसीसीटी या साखरेच्या काटेकोर नियंत्रणाच्या मोठ्या अभ्यासातही हे दिसलं होतं. पुढच्या वर्षांत मात्र काटेकोर नियंत्रणाचाच फायदा झाला. फक्त पुढच्या फोटोसाठी वर्षभर थांबू नका, नेत्रतज्ज्ञ लवकरची तारीख देतील.

बाहुली मोठी करायचे थेंब घालून गाडी चालवता येईल?

नको. काही तास जवळचं धूसर दिसतं, उजेड सहन होत नाही. सोबत कुणाला तरी आणा, गॉगलही.